माउस थांबलाय, पण गेमला ते कळत नाही: हॉवर आणि आयडलची गल्लत

तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा आधी मांडतो, म्हणजे मी भलत्याच गोष्टीचं उत्तर देत असेन तर तिथेच टोकता येईल.

युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये पाळीपाळीने खेळायचा, पटावरचा एक गेम तुम्ही करताय. पटावर सैनिक आहेत, खाली हातातली कार्डं आहेत. कर्सर एखाद्या कार्डावर अर्धा सेकंद थांबला की माहितीचं पॅनेल उघडावं आणि हलला की मिटावं, असं हवंय. शिवाय खेळाडूने १० सेकंद माउस हलवलाच नाही तर कर्सर लपावा आणि निवडलेल्या सैनिकाने जांभई द्यावी. होतंय असं की पॅनेल फडफडतं, उघडतं आणि लगेच मिटतं. कर्सर लपणं मुख्य मेनूत नीट चालतं, पटावर मात्र कर्सर लपत नाही की जांभई येत नाही. हे सगळं तुम्ही युनिटीच्या ऑनमाउसओव्हर या फंक्शनमध्ये टायमर शून्य करून आणि कर्सरची पटावरची जागा मागच्या फ्रेममधल्या (गेम पडदा दर वेळी नव्याने रंगवतो ती एक फ्रेम) जागेशी ताडून करताय. जाता जाता तुम्ही असंही लिहिलंय की पटावर कॅमेरा किंचित डुलता ठेवलाय.

या शेवटच्या दोन वाक्यांतच बहुतेक सगळं सापडतं.

ऑनमाउसओव्हर हे नाव फसवं आहे. कर्सर त्या वस्तूच्या कोलायडरवर (स्पर्श ओळखायला तिच्याभोवती असलेला अदृश्य आकार) असेपर्यंत ते दर फ्रेमला चालतं, हात हलला असो वा नसो. म्हणजे कर्सर सैनिकावर ठेवून तुम्ही खोलीबाहेर फिरून आलात तरी टायमर सेकंदाला ६० वेळा शून्य होत राहणार. माउस ‘आला’ हे सांगणारं फंक्शन ऑनमाउसएंटर, ‘गेला’ हे सांगणारं ऑनमाउसएक्झिट. मधलं ओव्हर फक्त ‘अजून इथेच आहे’ एवढंच सांगतं, आणि त्याचा हालचालीशी काडीचाही संबंध नाही.

दुसरा घोळ कॅमेऱ्याचा. कर्सर पडद्यावर एकाच ठिकाणी असला तरी कॅमेरा हलला की त्याच्याखालची पटावरची जागा बदलते. तुम्ही स्क्रीनटूवर्ल्डपॉइंट वापरून पटावरची जागा काढताय, तेव्हा डुलणाऱ्या कॅमेऱ्यामुळे ती दर फ्रेमला थोडी सरकते आणि तुमचा कोड म्हणतो, माउस हलला. मेनूतला कॅमेरा स्थिर, म्हणून तिथे सगळं सुरळीत. गेममेकर हे दुसरं गेम बनवायचं सॉफ्टवेअर वापरणारेही याच खड्ड्यात पडतात, कारण तिथले माउस-एक्स आणि माउस-वाय हे खोलीतल्या जागेचे आकडे असतात, खिडकीतल्या नव्हे. कॅमेरा खेळाडूच्या मागे धावत असेल तर न हललेल्या माउसचेही आकडे पळत सुटतात.

आता मूळ मुद्दा. तुम्ही एकच प्रश्न विचारताय असं वाटतं, पण ते दोन आहेत: कर्सरखाली कोण आहे (हा हॉवर), आणि हात हलला का (न हलता राहिला तर आयडल, म्हणजे निवांत). पहिल्याचं उत्तर गेमच्या जगावर अवलंबून आहे. हात अगदी दगडासारखा स्थिर असला तरी सैनिक चालत कर्सरखाली आला तर ते उत्तर बदलतं. दुसऱ्याचं उत्तर फक्त टेबलावरच्या माउसवर अवलंबून आहे. तिथे पट, कॅमेरा, कोलायडर यांना विचारायचंच नाही. एकदा हे दोन प्रश्न दोन वेगळ्या स्क्रिप्टमध्ये बसवले की अर्धे बग आपोआप जातात. मी स्वतः हे एका प्रकल्पात शेवटच्या आठवड्यात, दोन्ही टायमर एकमेकांत गुंतल्यावर शिकलो. तेव्हापासून नवा गेम सुरू करताना या दोन स्क्रिप्ट सगळ्यात आधी टाकतो.

आधी ‘हात हलला का’ हे घेतो, कारण ते दिसतं त्यापेक्षा अवघड आहे.

बहुतेकांचा पहिला प्रयत्न असा असतो: मागच्या फ्रेमपासून कर्सर शून्यापेक्षा जास्त सरकला तर हलला. पण ऑप्टिकल माउस चकचकीत पृष्ठभागावर ठेवला की हात न लावताही एखादा पिक्सेल इकडेतिकडे करतो. कुणी जोरात टाइप करत असेल, टेबलाला गुडघा लागला, तरी तेच. शिवाय विंडोज काही वेळा माउस न हलताही ‘माउस हलला’ असा निरोप खिडकीला पाठवतं. कर्सरखालची खिडकी बदलली, दिसेनाशी झाली, अशा वेळी सगळ्यांना आपापली स्थिती ताजी करता यावी म्हणून ती सोय आहे. तेव्हा इव्हेंट, म्हणजे असा निरोप, आला म्हणजे हात हलला, असं थेट धरता येत नाही. त्यातली जागा खरंच बदललीय का हे बघावंच लागतं.

मग लोक मर्यादा घालतात: एका फ्रेममध्ये ३ पिक्सेलपेक्षा जास्त सरकला तरच हलला म्हणायचं. हे म्हणजे आगीतून फुफाट्यात. समजा खेळाडू कर्सर सावकाश नेतोय, सेकंदाला १२० पिक्सेल. ६० फ्रेमच्या गतीला हे फ्रेममागे २ पिक्सेल झाले. कर्सर डोळ्यांदेखत पडदा ओलांडतोय आणि कोड म्हणतोय, हा थांबलाय. तोच गेम १४४ फ्रेमवर चालवला तर फ्रेममागे एक पिक्सेलही भरत नाही. म्हणजे मशीन जितकं वेगवान, तितका खेळाडू जास्त ‘आळशी’.

यावर मी जे करतो त्याला आमच्यात खुंटी म्हणतात. कर्सर जिथे आहे तिथे एक खुंटी ठोकायची आणि त्याला एका छोट्या दोरीने बांधायचं. दोरीच्या आत तो कितीही थरथरला तरी दुर्लक्ष. दोरी ताणून बाहेर गेला की हलला म्हणायचं, खुंटी उपटायची आणि नव्या जागी ठोकायची. तुलना मागच्या फ्रेमशी नाही, खुंटीशी.

दर फ्रेमला:
    इथे = कर्सरची पडद्यावरची जागा
    जर अंतर(इथे, खुंटी) > दोरी असेल तर:
        खुंटी = इथे
        शेवटची_हालचाल = घड्याळ
    निवांत_वेळ = घड्याळ − शेवटची_हालचाल

एवढाच कोड. वरच्या सावकाश हाताचं उदाहरण यात घालून बघा. दोरी ४ पिक्सेलची धरली तर ६० फ्रेमवर दर तिसऱ्या फ्रेमला खुंटी हलते, १४४ फ्रेमवर दर पाचव्या. दोन्हीकडे सेकंदाला अनेकदा ‘हलला’ नोंदलं जातं आणि टायमर शून्याजवळच राहतो. एका पिक्सेलची थरथर मात्र दोरीच्या आतच जिरते. विंडोजचा स्वतःचा हॉवरही असाच चालतो: कर्सर एका लहानशा चौकोनात ठरावीक वेळ राहिला की हॉवर झाला, आणि तो वेळ मूळ सेटिंगमध्ये ४०० मिलिसेकंद असतो. तुमचा अर्धा सेकंद त्याच्या जवळपासच आहे, तो बदलू नका.

दोरी किती लांब ठेवायची, हे परिस्थितीवर ठरतं. मी ती पिक्सेलमध्ये न लिहिता पडद्याच्या उंचीच्या प्रमाणात लिहितो. १०८० उंचीच्या पडद्यावर ४ पिक्सेल हवे असतील तर २१६० च्या पडद्यावर ८ लागतात, नाहीतर तीच थरथर मोठ्या पडद्यावर ‘हालचाल’ ठरू शकते. आणि एकाच दोरीवर दोन कामं भागवू नका. पॅनेल उघडायला आखूड दोरी ठीक आहे, कारण तिथे अर्ध्या सेकंदाचाच मामला आहे. कर्सर लपवायला १० सेकंद वाट बघायची असते, तेवढ्यात टेबलाला एखादा धक्का बसतोच. तिथे मी तिप्पट-चौपट लांब दोरी देतो. लपलेला कर्सर परत दाखवतानाही तीच लांब दोरी वापरायची, नाहीतर प्रत्येक धक्क्याला तो डोकं वर काढतो आणि सिनेमॅटिक चालू असताना ते फार वाईट दिसतं.

एक अपवाद. कर्सर पडद्याच्या मध्यात जखडलेला असेल, म्हणजे पात्राच्या डोळ्यांतून दिसणाऱ्या (फर्स्ट-पर्सन) कॅमेऱ्यासारखं काही असेल, तर जागा बदलतच नाही आणि खुंटी निरुपयोगी ठरते. तिथे माउसचा डेल्टा, म्हणजे या फ्रेममध्ये तो किती सरकला हा आकडा घ्यायचा आणि तो एका बेरजेत टाकत जायचा. बेरीज दोरीच्या बाहेर गेली की हलला, आणि बेरीज शून्य. कल्पना तीच, फक्त जागा आपण स्वतः मोजायची. रोब्लॉक्स या गेम बनवायच्या-खेळायच्या प्लॅटफॉर्मवर उलट अडचण आहे: तिथलं गेट-माउस-डेल्टा कर्सर जखडलेला असतानाच आकडे देतं, मोकळा असेल तर जागाच बघावी लागते. तुमच्या गेमला सध्या यातलं काही लागत नाही.

घड्याळाबद्दल दोन गोष्टी. फ्रेम मोजू नका. ‘३० फ्रेम थांबला’ हे ६० च्या गतीला अर्धा सेकंद असतं आणि १४४ च्या गतीला जेमतेम एक पंचमांश सेकंद. आणि वेळ अनस्केल्ड, म्हणजे गेमची गती बदलली तरी न बदलणारी, घ्या. पॉज मेनूत तुम्ही टाइमस्केल (गेममधल्या वेळेची गती) शून्य करत असाल तर नेहमीचा टाइम थबकतो, टायमरही थबकतो आणि पॉजमध्ये एकही टूलटिप, म्हणजे हॉवरवर उघडणारं माहितीचं पॅनेल, उघडत नाही. हा बग माझ्याकडे एका परीक्षकाने ‘सेटिंग्जमधल्या टूलटिप मेल्या आहेत’ असा नोंदवला होता. मी दोन तास टूलटिपचा कोड चाळला आणि दोष त्यात नव्हताच.

अनस्केल्ड घेतल्यावर एक नवा पाहुणा येतो. खेळाडू दुसऱ्या खिडकीत गेला, पाच मिनिटांनी परत आला. गेम मागे थांबलेला असला तरी घड्याळ पुढे गेलेलं असतं. पहिल्याच फ्रेमला निवांत वेळ पाच मिनिटं भरतो, कर्सर गायब आणि सैनिक जांभई देतोय. म्हणून फोकस परत आल्याचा, म्हणजे गेमची खिडकी पुन्हा वापरात आल्याचा, निरोप मिळाला की खुंटी आत्ताच्या जागी ठोका आणि शेवटची हालचाल आत्ताची लिहा. फोकस गेल्यावर हॉवरही सोडून द्या. कर्सर खिडकीबाहेर असताना आतलं कार्ड उजळलेलं राहणं ही चूक मी विकल्या गेलेल्या गेममध्येही पाहिली आहे.

आता ‘कर्सरखाली कोण आहे’.

यासाठी प्रत्येक सैनिकावर आणि प्रत्येक कार्डावर वेगळी माउस-स्क्रिप्ट ठेवू नका. एकच स्क्रिप्ट हवी, जी दर फ्रेमला एकदा विचारेल आणि मागच्या उत्तराशी ताडून बघेल. बदल झाला असेल तर जुन्याला ‘गेला’ सांगायचं, मग नव्याला ‘आला’. क्रम हाच ठेवा, उलटा केला तर एका फ्रेमपुरते दोन हायलाइट दिसतात.

एकाच जागी ठेवण्याचं कारण युनिटीत ठळक दिसतं. कर्सरखालचा सैनिक मेला आणि तुम्ही तो डीअ‍ॅक्टिव्हेट केला तर ऑनमाउसएक्झिट येत नाही. तो जातो, त्याचं पॅनेल उरतं. मध्यवर्ती स्क्रिप्टला हे लगेच कळतं, कारण पुढच्या फ्रेमला उत्तर बदललेलं असतं. पण इथेही एक चकवा आहे. सैनिक डिस्ट्रॉय केला असेल तर युनिटी त्याला ‘नल’सारखं, म्हणजे ‘काहीच नाही’ असं, वागवते. कर्सरखाली आता कुणीच नसेल तर नवं उत्तर नल, जुनं उत्तरही नलसारखं, दोन्ही सारखे, म्हणजे ‘बदल नाही’! पॅनेल हवेत लटकतच राहतं. म्हणून मी वस्तूऐवजी तिला दिलेला माझा क्रमांक साठवतो आणि क्रमांकांची तुलना करतो. क्रमांक मरत नाहीत.

कोण वर, कोण खाली, हेही इथेच ठरवून टाका: आधी पडद्यावरची बटणं-कार्डं, मग सैनिक, मग पटावरची घरं. ऑनमाउस कुळातल्या फंक्शनांना वरची यूआय (बटणं, कार्डं, मेनू) दिसत नाही, त्यामुळे उघड्या मेनूच्या आडून सैनिक उजळतात. युनिटीच्या इव्हेंटसिस्टिमकडे जा, कॅमेऱ्याला फिजिक्स रेकास्टर (कर्सरच्या जागेतून किरण सोडून तो कुणाला लागतो ते बघणारा भाग; हेच रेकास्ट) लावा, आणि पॉइंटरएंटर-पॉइंटरएक्झिट घ्या. तेव्हा कार्डं आणि सैनिक एकाच रांगेत उभे राहतात. फक्त एक लक्षात ठेवा: कर्सर यूआयवर आहे का हे विचारायला लोक इझ-पॉइंटर-ओव्हर-गेमऑब्जेक्ट वापरतात, पण कॅमेऱ्याला फिजिक्स रेकास्टर लावल्यावर ते सैनिकासाठीही ‘हो’ म्हणतं. नावात ‘गेमऑब्जेक्ट’ आहे, ‘यूआय’ नाही. वाचलं असतं तर कळलं असतं, पण वाचतं कोण.

गोडो हे गेम बनवायचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी धावता उल्लेख: एरिया-टू-डीवर माउस आल्याचा सिग्नल हवा असेल तर इनपुट-पिकेबल चालू हवं आणि कोलिजन लेयरचा किमान एक बिट लावलेला हवा. दोन्हीपैकी एक राहिलं की सिग्नल गप्प, आणि एरर काहीच नाही.

ज्या फ्रेमवर्कमध्ये सगळं हातानेच करायचं असतं, म्हणजे पायगेम किंवा ब्राउझरमधला कॅनव्हास, तिथे लोक ‘कर्सरखाली कोण’ ही तपासणी माउस हलल्याच्या इव्हेंटमध्ये लिहितात. मग माउस स्थिर आणि शत्रू चालत खाली आला तर तो उजळत नाही, कारण इव्हेंटच आलेला नसतो. तपासणी अपडेटमध्ये हवी, इव्हेंटमध्ये फक्त जागा लिहून ठेवायची. वेगवान माउस सेकंदाला १००० वेळा निरोप देतो. प्रत्येक निरोपाला रेकास्ट केलात तर ६० फ्रेमच्या गेममध्ये फ्रेममागे सोळा-सतरा वेळा तेच काम होतं, आणि उपयोग शेवटच्या एकाचाच.

आता फडफड. ही दोन कारणांनी होते आणि तुमच्याकडे बहुधा दोन्ही आहेत.

पहिलं कारण, पॅनेल कर्सरच्या खालीच उघडतं. उघडलं की कार्ड झाकलं जातं, म्हणजे कर्सर कार्डावर राहिला नाही, म्हणजे पॅनेल मिटवा. मिटलं की कर्सर पुन्हा कार्डावर, आणि येरे माझ्या मागल्या. उपाय सोपा: पॅनेलला माउसच्या दृष्टीने पारदर्शक करा. युनिटीत पॅनेलमधल्या प्रत्येक इमेजचं आणि मजकुराचं रेकास्ट टार्गेट काढून टाका, किंवा वर एक कॅनव्हास ग्रुप लावून त्याचं ब्लॉक्स रेकास्ट्स बंद करा. मी दुसरं करतो, कारण पुढे कुणीतरी त्या पॅनेलमध्ये नवं चिन्ह टाकतं आणि टिक काढायला विसरतं. गोडोमध्ये यालाच माउस फिल्टर ‘इग्नोर’ करणं म्हणतात.

दुसरं कारण जरा मजेशीर आहे. हॉवर झालं की तुमचं कार्ड वर उचललं जातं ना? आता कर्सर कार्डाच्या खालच्या कडेला, कडेपासून १० पिक्सेल वर आहे असं समजा. कार्ड ४० पिक्सेल वर गेलं. कर्सर तिथेच आहे, पण कार्ड आता त्याच्या वर ३० पिक्सेलांवर आहे. हॉवर गेला, कार्ड खाली आलं, हॉवर आला, कार्ड वर गेलं. खेळाडूचा हात स्थिर आहे आणि कार्ड बेडकासारखं उड्या मारतंय. इथे विलंब घालून भागत नाही, उड्या फक्त सावकाश होतात.

उपाय असा की जे दिसतं ते आणि ज्याला माउस लागतो ते, हे दोन वेगळे ठेवायचे. मूळ जागी एक पारदर्शक इमेज, जिचं रेकास्ट टार्गेट चालू. तिच्या पोटात कार्डाचं चित्र, ज्याचं रेकास्ट टार्गेट बंद. वर उचलायचं ते चित्र, हॉवर ओळखायचा तो न हलणाऱ्या इमेजवरून. उचललेल्या कार्डाच्या वरच्या भागावरही हॉवर टिकावा असं वाटत असेल तर हॉवर झाल्यावर ती पारदर्शक इमेज वरच्या बाजूने वाढवा, खालची कड मात्र आहे तिथेच राहू द्या. आत यायला लहान चौकोन आणि बाहेर पडायला मोठा, हा नियम बटणांपासून पटावरच्या घरांपर्यंत सगळीकडे कामाला येतो. सीमारेषेवर थरथरणारा कर्सर त्यामुळे एका बाजूला ठरतो.

कार्डं पंख्यासारखी एकमेकांवर चढलेली असतील तर मी रेकास्टच्या नादी लागत नाही. हातातल्या सगळ्या कार्डांची एकूण रुंदी घ्यायची, कार्डांच्या संख्येने भागायची, आणि कर्सरच्या आडव्या जागेवरून कितवं कार्ड ते काढायचं. उचललेलं कार्ड शेजाऱ्याला झाकतं म्हणून शेजाऱ्यावर जाताच येत नाही, ही तक्रार त्याने कायमची मिटते.

मध्येच थोडी उजळणी करतो, कारण घड्याळं आता दोन झाली आहेत. निवांत वेळेचं घड्याळ फक्त हात हलला की शून्य होतं. कर्सरखाली कोण आलं, कोण गेलं, त्याच्याशी त्याला देणंघेणं नाही. पॅनेलचं घड्याळ दोन कारणांनी शून्य होतं: कर्सरखालची वस्तू बदलली, किंवा पॅनेल उघडायच्या आत हात हलला.

‘उघडायच्या आत’ हे मुद्दाम म्हटलं. माउस हलला की पॅनेल मिटावं, ही तुमची मागणी माझ्या मते काढून टाका. वाचताना माणसाचा हात हलतोच. काहीजण कर्सर ओळीखाली फिरवत वाचतात. पॅनेल एकदा उघडलं की त्या कार्डावरून कर्सर बाहेर जाईपर्यंत उघडं राहू द्या, आणि बाहेर गेल्यावरही दहावा हिस्सा सेकंद थांबून मग मिटवा. दोन कार्डांमधल्या फटीतून कर्सर जाताना होणारी लुकलुक त्याने थांबते. आणि एक पॅनेल उघडं असताना खेळाडू शेजारच्या कार्डावर गेला तर त्याला पुन्हा अर्धा सेकंद ताटकळत ठेवू नका, लगेच दाखवा. तो कार्डं तुलना करून बघतोय हे उघड आहे.

आणि जिथे दोन्ही प्रश्न खरोखर एकत्र येतात ती एक जागा: हात स्थिर आहे आणि सैनिक आपली पाळी खेळत कर्सरखाली येऊन थांबला. हायलाइट व्हावा का? व्हावा, कारण आत्ता क्लिक केलं तर तोच निवडला जाईल आणि खेळाडूला ते दिसायला हवं. पॅनेल उघडावं का? मी नाही उघडत. खेळाडूने त्याच्याबद्दल काही विचारलेलंच नाही. म्हणून वस्तू बदलली तेव्हा हात हलत होता का, हे मी एका खुणेत लिहून ठेवतो. हलत नसेल तर हायलाइट होतो, पॅनेल थांबतं. नंतर हात जरा जरी हलला आणि कर्सर तिथेच राहिला, तर अर्ध्या सेकंदाने पॅनेल उघडतं. काही गेम उलट करतात आणि त्यांच्या खेळाडूंचं काही अडत नाही, तेव्हा हा आवडीचा भाग समजा.

जांभईसाठी फक्त माउस पुरेसा नाही. कीबोर्ड आणि गेमपॅडही शेवटची हालचाल ताजी करायला हवेत, नाहीतर कळफलकाने खेळणाऱ्याच्या तोंडावर सैनिक जांभया देत बसेल. गेमपॅडच्या काठीला डेडझोन (मध्याभोवतीची, दुर्लक्ष करायची जागा) ठेवा, जुन्या काठ्या मध्यात नीट येत नाहीत आणि शून्याच्या आसपास रेंगाळतात. मल्टीप्लेअरमध्ये निवांत खेळाडूला बाहेर काढायचं असेल तर तो प्रश्नच वेगळा. माउस नुसता हलवत ठेवणं सोपं असतं, तिथे खेळातल्या चाली मोजाव्या लागतात. रोब्लॉक्स हे बरंचसं स्वतः करतं: साधारण २ मिनिटांनी खेळाडू निवांत असल्याचा इव्हेंट येतो आणि २० मिनिटांनी त्याला सर्व्हरवरून काढलं जातं.

मोबाइलवर हाच गेम न्यायचा असेल तर तिथे हॉवर नसतोच. बोट उचललं तरी माउसची जागा शेवटच्या स्पर्शावर राहून जाते आणि ते कार्ड उजळलेलंच दिसतं. स्पर्श संपला की ‘कुणीच नाही’ असं उत्तर द्या आणि पॅनेलसाठी बोट दाबून धरणं वापरा.

शेवटी तपासणी. हे सगळं डोळ्यांनी तपासता येत नाही, म्हणून पडद्याच्या कोपऱ्यात पाच ओळी छापून ठेवा: कर्सरखाली कोण, किती वेळापासून, खुंटीपासून अंतर किती, निवांत वेळ किती, फोकस आहे का. खुंटीच्या जागी दोरीएवढं वर्तुळ काढा, त्याने फार लवकर कळतं. मग व्हीसिंक (फ्रेमची गती पडद्याच्या गतीशी बांधणारी सोय) बंद करून गेम एकदा ३० आणि एकदा १४४ फ्रेमवर चालवा. व्हीसिंक चालू असेल तर टार्गेट फ्रेमरेटला युनिटी जुमानत नाही, तेव्हा ते बंद करायला विसरू नका. कर्सर अगदी मुंगीच्या गतीने न्या. माउस सोडून टेबलावर थाप मारा. कर्सरखालचा सैनिक मारून बघा. पॉज करून कार्डावर थांबा. दुसऱ्या खिडकीत जाऊन दोन मिनिटांनी या. कर्सर कार्डाच्या अगदी खालच्या कडेला ठेवून हात काढून घ्या.

यातलं पहिलं काम म्हणून ऑनमाउसओव्हरमधली टायमर शून्य करणारी ओळ उडवा आणि तुलना पडद्यावरच्या जागेशी करा. तेवढ्यानेच पटावर कर्सर लपायला लागेल आणि जांभईही येईल. फडफडीचं काम नंतर निवांत करा. कॅमेऱ्याचं डुलणं मात्र काढू नका. आता त्याचा कुणाला त्रास नाही.